विचारून करणारा माणूस

नवरा आजारपणात गेला तेव्हा मी छत्तीसची होते. रडू फारसं आलं नाही. रोज दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला जायचं, शाळेत शिकवायचं, परत येऊन भात टाकायचा, एवढं चालू होतं. त्याच बोटीवर ते भेटले. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. वय बावन्न, बायकोशी कधीचाच घटस्फोट झालेला. आधी वाऱ्यापावसाचं बोललो, मग रोज शेजारी बसू लागलो.

एकदा तिकीटवाला म्हणाला, "बाई, वडलांना सावलीत बसवा की." ते हसले. मला हसू आलं नाही, लाजही वाटली नाही.

त्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही मी नुसतं "बरं" म्हणाले.

"असं बरं म्हणू नको," ते म्हणाले. "मी सत्तरीला पोचेन तेव्हा तू चोपन्नची असशील. नीट विचार कर."

आई म्हणाली, "एकाचं दुखणं काढलंस, आता दुसऱ्याचं म्हातारपण काढणार व्हय?"

मधेच त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना परस्पर गाठलं आणि माझी सकाळची शाळा दुपारची करून घेतली. माझी दमछाक होते म्हणून. कळल्यावर मी म्हणाले, "मला वडील आहेत. दुसरे नकोत." कितीतरी महिन्यांनी माझा आवाज चढला होता. दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळं पूर्ववत करून आले.

"चुकलं," म्हणाले. "वयाने मोठा म्हणून मलाच कळतं, असं वाटलं. आता विचारल्याशिवाय काय करणार न्हाय."

त्यानंतर मी खरोखरीचा होकार दिला.

लग्न बुद्धविहारात झालं. सगळे माझं तोंड न्याहाळत होते. मला एवढंच आठवतं, की पांढऱ्या साडीची खळ मानेला टोचत होती.

सामान लावताना पहिल्या नवऱ्याचा फोटो निघाला. त्यांनी विचारलं, "कुठं लावायचा?"

"माहीत नाही."

"मग राहू दे. तुला वाटेल तेव्हा सांग."

फोटो कपाटातच राहिला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी मीच तो पुसून पुढच्या खोलीत आणला. त्यांनी स्टूल धरलं, खिळा मी ठोकला. उतरून मी त्याच स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "पाणी देऊ?"

मी म्हणाले, "चहा करा. दोघांना."