मरून, पिवळा आणि शेवटी पांढरा

चूक तशी करंगळीच्या टोकाएवढी होती. मी बारा पांढऱ्या जर्सींना कुंकू लावलं.

नवा कपडा अंगावर चढायच्या आधी त्याच्या आतल्या कडेला कुंकवाचं एक बोट लावायचं, ही आमच्या घरातली रीत. आमचं शिलाईचं दुकान आहे, पण गिऱ्हाइकाच्या कपड्यांना आम्ही हे करत नाही. एखाद्याच्या सफारीला डाग पडला तर तो रीतभात ऐकून घेत नाही. शहरातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कपडे मात्र मी कधी गिऱ्हाइकाचे मानलेच नाहीत. संघाचा पहिला गणवेश मी शिवला, नंतरचे सगळेही मीच, आणि प्रत्येक जर्सीच्या डाव्या कडेला, खालच्या दुमडीत, बोट टेकवलं. इतक्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. मला वाटायचं ही माझी सफाई. ती रंगाची कृपा होती.

पहिला गणवेश मरून. का, तर बँडवाल्यांच्या कोटांचं कापड उरलं होतं. संघ तेव्हा संघ नव्हताच. सिमेंटच्या कोर्टावर संध्याकाळी जमणाऱ्या पोरी आणि त्यांना शिकवणाऱ्या एक बाई. आता त्यांना सगळे कोच म्हणतात, मी अजून बाईच म्हणतो. जाडजूड कापड, अर्ध्या बाह्या आणि गुडघ्याखाली पोचणारी हाफ पँट. आकडे पांढऱ्या मांजरपाटाचे कापून शिवले. पहिल्या धुण्यात मांजरपाट आटलं, मरून कापड काही आटलं नाही, आणि आठचा आकडा असा आवळला गेला की पंच त्या मुलीला तीनदा नंबर विचारत राहिला. आकडे तेव्हा चारपासून पंधरापर्यंतच असायचे. पंच नंबर बोटांनी दाखवतात आणि एक, दोन, तीन बोटं गुणांसाठी राखलेली, असं बाईंनी समजावलं होतं. मी घरी येऊन ते बोटं नाचवत बायकोला समजावलं. ती म्हणाली, "कळलं. पोळ्या तीन की चार?"

मग सुरतेचं चकचकीत सॅटिन आलं. रंग मरूनच, पण उन्हात पोरी आकाशकंदिलासारख्या दिसायच्या आणि घाम आतल्या आत साठायचा. समोरचा संघही गडद रंगात आला की पंचाईत. यजमानांनी फिकट घालायचं असा नियम, आणि आमच्याकडे फिकट म्हणावं असं एकच होतं, विटलेलं मरून. त्यावर मी तोडगा काढला, दुतर्फी जर्सी. एका बाजूने मरून, उलटी केली की पिवळी. पंचक्रोशीत माझं नाव झालं. फक्त बाजू बदलायला कोर्टाच्या कडेला खोली नव्हती, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पोरी चार चादरी धरून उभ्या राहायच्या. पिवळ्या बाजूला माझं कुंकवाचं बोट दिसायचं खरं, पण हळदीच्या रंगावर कुंकू कुणाला खटकणार?

त्यानंतर काही वर्षं सगळं ढगळ झालं. शॉर्ट इतकी लांब आणि रुंद की एकीत दोघी मावतील. मग पुन्हा आखूड. या वाटेवर बाह्या कधी गेल्या ते आठवत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी संघाला मालक मिळाले. मुलींना दरमहा मानधन मिळू लागलं, राहायला हॉस्टेल आणि खेळायला लाकडी कोर्टाचा हॉल. संघ व्यावसायिक झाला आणि त्याच्यापाठोपाठ मीही झालो, म्हणजे मला ईमेल यायला लागले. यंदा एका ईमेलमधून मुंबईच्या कुणा डिझायनरने काढलेलं चित्र आलं. सगळं पांढरंशुभ्र, छातीवर द्राक्षांचा घड. छपाईत तो जांभळांसारखा आला, पण नाशिकच्या छातीवर जांभळं कशी, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मोबाइलवर सामना दाखवताना पांढरं उठून दिसतं, असं मालकांचे साहेब म्हणाले. साहेब म्हणजे संघाचे मॅनेजर. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, हे तेच ठरवतात.

कापडही नवं होतं. घाम अंगावर राहू देत नाही, ओढून घेतं आणि पसरवतं, म्हणजे लवकर वाळतो. व्यापाऱ्याने माझ्यासमोर थेंबभर पाणी टाकून दाखवलं. थेंब बघता बघता तळहाताएवढा झाला. मी "वा!" म्हणालो. आणि शनिवारी संध्याकाळी त्याच कापडाच्या बारा जर्सींना पाकिटातलं कुंकू पाण्यात कालवून लावलं. वा!

या बारातली एक जर्सी अजून कुणाची नव्हती. म्हणजे एकोणीस नंबर तिच्यावर छापला होता, पण ज्या मुलीसाठी छापला ती संघात नव्हती. सुरगाण्याकडची पोरगी. वडील जीप चालवतात, घरी भात-नागली. संघाने अकरा जणींशी करार केला होता, बारावी जागा रिकामी होती, आणि रविवारच्या सामन्यात हिला खेळवून बघायचं ठरलं होतं. साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, एवढा एकच सामना. नाही जमलं तर हॉस्टेलची खोली सोडायची, कारण ती संघाच्या नावावर होती, आणि खोली गेली की नाशिकचं कॉलेजही गेलं. हे मला तिनेच माप देताना सांगितलं. कंबर मोजताना श्वास रोखून उभी होती. मी म्हटलं, "श्वास घे गं, शॉर्ट घट्ट होईल." तर म्हणाली, "काका, नाय घेतलं मला तर ही जर्सी परत द्यायची का?"

मी काहीतरी थट्टेवारी नेलं.

रविवारी सकाळी मी हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. मी सामना बघत नाही, शिवण बघतो. खांद्याला कुठे ओढतंय, नेफा कुठे वळतोय. दुसऱ्या सत्रात बाईंनी एकोणीसला आत पाठवलं. ती भराभर पळत होती. एकदा तिने चेंडू असा हिसकावला की माझ्या शेजारचा माणूस उठून उभा राहिला. मीही उठलो, आणि तेवढ्यात मला तिच्या शॉर्टवर डाव्या बाजूला, नेफ्याच्या खाली, लाल ठिपका दिसला.

बास्केटबॉलमध्ये जर्सी शॉर्टच्या आत खोचावी लागते. तिची डावी कड बरोबर तिथे येते.

मी खाली बसलो. ठिपका बोराएवढा होता. ती दोनदा इकडून तिकडे पळाली आणि तो लिंबाएवढा झाला. कापड आपलं काम चोख करत होतं. अंगावर रक्त दिसलं की खेळाडूला बाहेर काढायचं, हा या खेळाचा नियम मला पाठ होता; आणि तो पंचांनाही पाठ असणार. मी देवाला म्हटलं, बाकीच्या अकरा जणींचंही फुटू दे, म्हणजे सगळ्यांना कळेल की हे रक्त नाही. लगेच म्हटलं, नको, नको, बारा डाग म्हणजे माझं दुकान बंद. देवाला असा उलटसुलट निरोप गेल्यावर त्याने काहीच केलं नाही. बाकीच्या मुली आळीपाळीने खेळत होत्या, त्यांना एवढा घाम नव्हता. ही एकटीच सगळ्यांच्या वाटचं पळत होती.

पंचांनी शिट्टी वाजवली. जवळ जाऊन तिला हळूच काहीतरी सांगितलं आणि दुसरीकडे बघत राहिले. तिने मान खाली घालून पाहिलं. मग ती दोन्ही हात पुढे धरून बाहेर चालत आली, बाकावरचा टॉवेल कमरेला गुंडाळला आणि अगदी टोकाला जाऊन बसली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ओरडलं नाही. सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. माझ्या शेजारच्याने घसा खाकरून म्हटलं, "असतं बायकांचं."

मी पन्नाशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप, वीसेक वर्षं पोरींचे कपडे शिवणारा माणूस. इतका वेळ मी फक्त नियमातलं रक्त धरून घाबरलो होतो. पांढऱ्या शॉर्टवरचा लाल डाग म्हणजे अख्खा हॉल काय समजेल, हे मला शेजारच्याने सांगितल्यावर समजलं.

तरी मी लगेच उठलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मनात वाक्यं जुळवत होतो, 'रंग कच्चा निघाला', 'व्यापाऱ्याने फसवलं'. फलकावरची दोन मिनिटं गेली. एकोणीस नंबर टॉवेलची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. तेव्हा उठलो.

"बाई," मी बाकापाशी जाऊन म्हटलं, "ते कुंकू आहे."

"कुठे?"

"तिच्या कपड्यावर. रक्त नाही. मी लावलंय. सगळ्यांना लावलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या मुलीच्या जर्सीची कड उपसून दुमड उलटवली. लाल टिंब. दुसरीची उलटवली. टिंब.

"तुम्ही माझ्या अख्ख्या टीमला कुंकू लावून बसवलंत?"

"नव्या कपड्याला लावतात बाई."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

कॅप्टन खुदकन हसली. "काका, तरीच आपण जिंकत नाही."

मध्यंतर झालं तसं बाई मला दंडाला धरून पंचांकडे घेऊन गेल्या. साहेबही आले. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. पंचांनी टिंब पाहिलं, वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली की मला त्यांची दया आली. "मग खेळू दे तिला," ते म्हणाले. "माझी काही हरकत नाही."

मी उड्या मारतच बाकापाशी गेलो. "ऊठ गं, पंच हो म्हणाले."

ती उठली नाही. "पंचांना सांगितलंत काका," ती म्हणाली. "ह्या लोकांना कोन सांगणार?" आणि हनुवटीने भरलेल्या हॉलकडे दाखवलं.

मी बाईंकडे वळलो. सरावाच्या बॅगेत मागच्या वर्षीच्या मरून शॉर्ट होत्या, बाराही. "एकटीने बदलायची नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या बदला." मग मरून शॉर्टवर पांढरी जर्सी नियमात बसते का, यावर दोन्ही पंच आणि टेबलावरच्या माणसांची खलबतं सुरू झाली. साहेब म्हणाले, "डिझाइनमध्ये हे नाहीये." समोरच्या संघाची कॅप्टन पाणी पीत उभी होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "आमची हरकत नाही सर. लिहून देऊ का?"

पंच म्हणाले, नको.

उत्तरार्धात आमच्या बारा पोरी वरून पांढऱ्या, खालून मरून अशा बाहेर आल्या. एकोणीसची जर्सी नीट खोचलेली होती, डाग मरूनच्या आत गडप. पहिली दोन मिनिटं ती बिचकत खेळली, हात सारखा डाव्या कमरेकडे जायचा. माझाही जात होता. मग एकदा ती धडपडली, उठली, आणि त्यानंतर हात तिकडे गेला नाही. सामना आम्ही हरलो. तिने किती गुण केले ते मला सांगता येणार नाही, मी साहेबांची वही बघत होतो. ते लिहीत होते, पण काय, ते तिसऱ्या रांगेतून दिसत नव्हतं.

दुपारी घरी आलो तेव्हा बायको जेवायची थांबली होती. मी पहिल्या घासापासून सांगायला लागलो. भाजी निवली, माझं चालूच. ताक वाढताना फोन वाजला. बाईंचा होता. साहेबांनी बाराव्या जागेवर एकोणीस नंबरचं नाव घातलं होतं. पोरगी काही बोलली का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, रडतेय, उद्या बोलेल. आणि साहेबांनी पांढऱ्या शॉर्ट रद्द केल्यात, बारा मरून शिवायला घ्या. कुंकवाबद्दल ते काही बोलले नाहीत, मी विचारलंही नाही.

मी फोन ठेवला आणि विजयी वीरासारखं बायकोकडे पाहिलं. "सुटलो बघ," म्हटलं. "आता मरूनच. चांगलं जाड कापड घेतो, लांबी दोन इंच वाढवतो, नेफा रुंद करतो…"

"पुन्हा तुम्हीच ठरवताय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सगळ्या पोरींना जेवायला बोलवा. त्यांना काय घालायचंय ते मी विचारते. आणि तेवढा वेळ तुम्ही जरा बाहेर जाऊन या."