मधलाच प्रश्न

साठ सालाच्या आसपास मी मालवणात आमच्या चर्चच्या ओसरीवर दर रविवारी मुलांना ख्रिस्ती धर्माचे धडे द्यायची. पुस्तक प्रश्नोत्तरांचं. पहिल्या प्रश्नाला मी सूर लावला की नऊ मुलं शेवटच्या उत्तरापर्यंत थांबायची नाहीत. मीही तशीच शिकले होते आणि मला त्याची केवढी घमेंड होती!

त्या उन्हाळ्यात नवे फादर आले. पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे मुलांना पहिल्यांदाच ख्रिस्तप्रसाद मिळण्याआधी, त्यांनी मुलांची परीक्षा घेतली आणि थेट मधलाच प्रश्न विचारला, "पापाची माफी कशी मिळते?" एका मुलीने ताठ उभं राहून पुढच्या प्रश्नाचं उत्तर ठणकावलं. बाकीच्यांचीही तीच गत.

"बाई, मुलं गातात छान, पण कळलेलं काही नाही. कम्युनियन पुढच्या वर्षी बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मुलीचा बाप बोटीवर खलाशी, दोन वर्षांनी घरी आला होता. येत्या रविवारी लेकीचं कम्युनियन बघून सोमवारी तो परत निघणार होता. मी भांडून शनिवारपर्यंतची मुदत मिळवली.

घरी मी तोच प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर तोंडपाठ, पण अर्थ सांगता येईना. गुडघे टेकले, तर प्रार्थनाही पाढ्यासारखी ओठांवर आली. मी थांबले आणि जन्मात पहिल्यांदा घरच्या बोलीत म्हटलं, "देवा, माका यातला कायच कळणा नाय." रडू आलं, हलकंही वाटलं. तोवर मी देवाशी बोललेच नव्हते, त्याला नुसतं म्हणून दाखवत होते.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक घरी ठेवलं. रोज संध्याकाळी वाळूत बसून मुलांना एवढंच विचारायचं, "कोणाचा काय बिघडवलात? मगे काय केलात?"

शनिवारी आईबापांसमोर फादरांनी मुद्दाम तोच प्रश्न त्याच मुलीला विचारला. ती जरा घुटमळली.

"शेजारच्या काकीची लोणच्याची बरणी मिया फोडलंय आणि मांजराचा नाव सांगलंय. मगे माका झोप लागाक नाय. सकाळी जावन खरा काय ता सांगलंय. काकी खूप ओरडली. मगे माका जेवूक वाढल्यान."

फादर खो खो हसले. "सगळ्यांना उद्या आणा, बाई."

रविवारी मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसले, मान वर करून. नऊच्या नऊ मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीपाशी गेली. त्या मुलीचा बाप मात्र मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपताच कुठेतरी निघाला. लेकीचं बोट धरून तो खाडीपलीकडे आपल्या सख्ख्या भावाच्या दारात गेल्याचं मला संध्याकाळी कळलं. जमिनीवरून दोघांचं बोलणं सात वर्षं बंद होतं.

सोमवारी बंदरावर त्याला निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो. आगबोट लांब उभी होती, आणि तिच्यापर्यंत त्याला नेणारी होडी त्याचा भाऊ वल्हवत होता.