मॅडमचं कपाट

कुणी हे वाचलंच तर आधी माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण तोंडाने बोलायला मी लाजते, आणि जाधव मॅडम रत्नागिरी सोडून गेल्या तरी त्यांच्यावरचा राग कुठेतरी काढायलाच हवा.

मॅडम आणि सर, नवरा-बायको दोघंही प्राध्यापक. सोलापूरकडून बदली होऊन एकदमच इथल्या कॉलेजात आले. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. पहिल्याच दिवशी आमटी चाखून मॅडम म्हणाल्या, "मावशी, खोबरं डोक्याला लावायचं असतंय." सर मुकाट जेवले. मॅडमना कशातच वाटेकरी चालत नसे. कप वेगळा, छत्री वेगळी, वर्तमानपत्रसुद्धा आधी त्यांना घडी न मोडलेलं हवं. "माझं मला पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुपारचा डबा मी कॉलेजात पोचवायचे. तिथे दोघांना मिळून एक टेबल आणि एक कपाट दिलं होतं. नवरा-बायकोच आहात, भागेल, असं प्राचार्य म्हणाले होते. कपाट सरांच्या पुस्तकांनी भरलं. मॅडमची पुस्तकं टेबलाखाली पिशवीत. इथल्या दमट हवेने त्यांना बुरशी धरली. मॅडमनी दुसरं कपाट मागितलं की सगळे हसायचे. सरही हसायचे.

त्यात बदलीचे कागद अडकले आणि दोघांचा पगार थांबला. एकदा मॅडम स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि खाली बघत थोडे पैसे मिळतील का म्हणून विचारलं. त्यांना खाली बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढून दिलं. आमचे हे म्हणाले, "तुझं वेगळं नाव कशाला लागतं गो?"

आठवडाही झाला नसेल. डबा घेऊन गेले तर कॉलेजच्या दारात टेम्पोतून लोखंडी कपाट उतरत होतं. मॅडमचं. माझ्या पैशातलं. इकडे त्यांच्याच घरात मी तांदळाच्या डब्याचा तळ खरवडत होते. संध्याकाळी कसंबसं विचारलं, तर म्हणाल्या, "तांदूळ संपतोय मावशी, कपाट राहतंय."

माझ्या अंगाची लाही झाली. रात्रीच्या आमटीत दुप्पट खोबरं वाटून घातलं. त्यांनी ती निमूट खाल्ली.

कपाट खरंच राहिलं. जाताना त्यांनी ते नेलं नाही. आता त्यात नव्या आलेल्या बाईंची पुस्तकं आहेत.

पण ते नंतरचं; त्याआधी, कपाट आल्यावर थोड्याच दिवसांत कॉलेजच्या कारकुनाने सरांचेच कागद आधी पाठवले. एका घरात एक पगार आला की झालं, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, आता माझे पैसे सुटतील. पण मॅडम म्हणाल्या, "घेतलेत मी. माझ्याच पगारातनं देणार."

पैसे कुणाच्या पगारातले, याच्याशी मला काय करायचं होतं? गटाचा हप्ता मी माझ्या मजुरीतून भरत होते. गटाची अध्यक्ष शबानाभाभी भर बैठकीत म्हणाली, "काय गो, तुझ्या मॅडमनी कपाटात आमचेच पैसे ठेवलेन काय?" बायका हसल्या. मी मान वर केली नाही.

मग एक दिवस सरांनी मला फाटकापाशी गाठलं आणि पाकीट पुढे केलं. हिला सांगू नका म्हणाले. "आमच्यात माझं-तुझं काय असतं?"

माझा हात पुढे गेला होता. पण टेबलाखालची ती पिशवी डोळ्यांपुढे आली. माझं-तुझं नसतं, तर कपाटात एकट्याचीच पुस्तकं कशी? हे मी बोलले नाही. पाकीट परत दिलं आणि घरापर्यंत सरांना, मॅडमना आणि स्वतःलाही शिव्या घालत गेले.

शेवटी मॅडमचा पगार झाला. त्याच दिवशी उन्हातून चालत त्या माझ्या घरी आल्या. पडवीत गटाची बैठक चालली होती. त्यांनी चपला काढल्या, बायकांमध्ये खाली बसल्या आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"तुमचं तुम्हाला, मावशी."

शबानाभाभीने मला मोजायची खूण केली. रागाने मी मॅडमना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्यासमोरच मोजले. व्याजासकट पुरे होते.