रिलीजच्या दिवशीचं गाऱ्हाणं

आमच्या टीमची रोज सकाळी 'स्टँड-अप' असते. म्हणजे पाच मिनिटांत उभ्याउभ्या सांगायचं, काल काय केलं आणि आज काय करणार. प्रत्यक्षात सगळे बसलेले असतात आणि चांगले तासभर बसलेले असतात. मी गोव्यातल्या पार्से गावातल्या आमच्या घरी देवघराजवळ टेबल मांडून बसायचे, कारण इन्व्हर्टरचा प्लग तेवढ्या एकाच भिंतीला होता. बाबा मागे काजूच्या बिया निवडत सगळं ऐकायचे.

एक दिवस त्यांनी विचारलंच. "तो चौकोन तू सकाळपासून हयसून थंय सरकयतंस. तेचो पगार देतत?"

चौकोन म्हणजे तिकीट. आमच्या धंद्यात प्रत्येक कामाचं तिकीट काढायचं आणि ते 'करायचं आहे' या रकान्यातून 'झालं'मध्ये न्यायचं. काम अर्ध्या तासाचं, तिकिटाचं लचांड दोन तासांचं. आता हे त्यांना कुठे समजावत बसू? म्हटलं, "हो बाबा, त्याचाच."

"बरां आसा," म्हणाले. "आमी उगाच माडार चडलों."

त्यात तो ठिपका. तुम्ही जागेवर असलात की नावापुढे हिरवा, माउस थोडा वेळ हलला नाही की पिवळा. पिवळा झाला की मॅनेजरबाईंचा निरोप येतो, "आहेस ना?" बाबांनी त्या ठिपक्याची माझ्यापेक्षा जास्त धास्ती घेतली. मी चहा ठेवायला उठले की येऊन एका बोटाने माउस हलवत बसायचे. एकदा त्या नादात बाईंच्या 'मीटिंग पुढे ढकलली आहे' या निरोपावर लाल बदाम उमटला. बाई दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होत्या.

पण थट्टा फार दिवस टिकली नाही. कंपनीने सगळ्यांना पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं. आई गेल्यापासून बाबा घरात एकटे, म्हणून मी गावातूनच काम करू द्या अशी विनंती केली होती. बाई म्हणाल्या, "पुढची रिलीज तिथून नीट पार पडू दे, मग बघते." रिलीज म्हणजे नवं सॉफ्टवेअर ग्राहकांसाठी चालू करणं. आमच्या गावच्या विजेवर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

बाबांना सांगितलं, तर काय म्हणावं या माणसाने? "मग जा पुण्याक. माका काय?"

अस्सा राग आला! तोंडदेखलं तरी 'राहा गो' म्हणावं की नाही? दुसऱ्या दिवशी पाववाला पोदेर उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, टोपली लावलेल्या सायकलचा भोंगा वाजवत आला आणि म्हणाला, "चेडू घराकडेच आसा न्हय? रोजचे चार उंडे बांदून टाकूं?" बाबा म्हणाले, "नाका रे. ती जातली. उद्याचां उद्या बघूंया." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आतून ऐकलं आणि भांडी जरा जोरातच आपटली.

रिलीजच्या दिवशी सगळी टीम कॉलवर, मी बटण दाबलेलं, पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकतेय, आणि तेवढ्यात फट्! घरातली वीज गेली. बाबांनी नेमका त्याच वेळी माडांना पाणी सोडायला विहिरीचा पंप चालू केला होता आणि मेन स्विच पडला होता. "एक मिनिट, लाइट गेली," असं ओरडून मी मागच्या पडवीत धावले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, इंटरनेट इन्व्हर्टरवर चालू होतं, आणि माझा माइकही चालूच राहिला होता.

स्विच वर करून परत येते तर बाबा हातात नारळ घेऊन देवासमोर उभे. चेहरा पार उतरलेला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! पंप मी चालू केलंय, चेडवाचो काय एक दोष नाय. तेचां यंत्र सुरळीत चलान दी रे म्हाराजा!"

आमच्याकडे गाऱ्हाणं असं घालतात, आणि दर वाक्याला बाजूच्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते आई म्हणायची. ती गेल्यापासून बाबा वाक्य संपलं की थोडे थांबायचे आणि एकटेच पुढे जायचे. आताही थांबले.

आणि लॅपटॉपमधून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

आमच्या टीममधला एकजण, पुण्यात तोलूनमापून पुस्तकी बोलणारा. मूळचा कुडाळचा निघाला. लहानपणची सवय, मेल्याच्या तोंडून आपसूक गेलं असणार. बाबा दचकले. मला वाटलं, आता थांबतील. पण साथ मिळाल्यावर त्यांचा आवाज चढलाच.

"ती पिवळो ठिपको बघणारी बाई आसा, तिका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी दोनतीन आवाज होते. मी लॅपटॉपकडे झेपावले, पण पोचले नाही.

"चेडवाक म्हटलां जा म्हणान. तोंडान म्हटलां. पण ती गेली तर माका ह्यां घर खावक येतलां रे म्हाराजा. तिका हंयच ऱ्हावंदी!"

मी जागच्या जागी उभी राहिले. माइक बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मग मॅनेजरबाई, ज्या नागपूरच्या आणि ज्यांनी गाऱ्हाणं जन्मात ऐकलेलं नव्हतं, अडखळत म्हणाल्या, "होय महाराजा."

रिलीज पार पडली. संध्याकाळी बाईंचा निरोप आला, "तिथूनच काम कर. आणि पुढच्या रिलीजला बाबांना बोलव."

ऐकणाऱ्यांत बाईसुद्धा होत्या हे कळल्यावर बाबा परत काजूच्या बिया निवडायला बसले. मग म्हणाले, "आयकलां तर आयकलां. गाऱ्हाणां आयकूकच घालतत." मी सांगितलं, "बाबा, पुण्याला जायचं नाही आता."

"माका काय?" ते म्हणाले.

सकाळी भोंगा वाजला. माझी स्टँड-अप चालू होती, पण मी कान बाहेर लावले होते. बाबा अंगणातून ओरडत होते, "अरे पोदेरा, थांब! आजपासून चार दी. रोज!"