डिस्कवरून गेलेलं लग्न

जालन्यात मस्तगडला भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर सत्यशीलाचं मिक्सिंगचं काम चालतं. खाली दिवसभर स्टीलच्या डब्यांचा खणखणाट आणि वर बँडबाजा. गावोगावचे फोटोग्राफर लग्नं शूट करतात, कॅमेऱ्याची कार्डं घेऊन तिच्याकडं येतात, आणि सत्यशीला त्या आठ-दहा तासांच्या पसाऱ्यातून दोन तासांची फिल्म काढून देते. वीस वर्षांहून जास्त काळ ती हेच करत आली. अख्ख्या जिल्ह्यात तिच्याइतकी लग्नं कुणी पाहिली नसतील, आणि त्यातल्या एकाही लग्नात ती जेवली नव्हती. हे ती स्वतःच सांगायची आणि हसायची. अलीकडे सांगायची, पण हसायची नाही.

सुरुवातीला तिच्याकडं जयंतीच्या मिरवणुका आणि आपल्याच समाजातली लग्नं यायची. नवरा राजानंद शाळामास्तर, त्याच्या ओळखीवर. पुढं काम बरं म्हणून नाव झालं आणि घनसावंगीपासून भोकरदनपर्यंतचे फोटोग्राफर जिना चढू लागले. बाई वेळेवर काम देते आणि बाईकडचं काही हरवत नाही, एवढीच तिची जाहिरात.

ते न हरवणं मात्र तिनं स्वतःहून गळ्यात घेतलं होतं. एकदा कुणीतरी वडील वारल्यावर जुन्या लग्नातली त्यांची चित्रं मागायला आला, आणि योगायोगानं ती तिच्याकडं निघाली. तेव्हापासून तिनं काही उडवलंच नाही. फिल्म देऊन झाली तरी मूळ शूटिंग हार्ड डिस्कवर ठेवायची. एक डिस्क भरली की दुसरी आणायची. लोखंडी कपाटाचे तीन कप्पे भरले. याचे वेगळे पैसे तिनं कधी मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत.

मग डिस्का महाग झाल्या. आधी थोड्या, मग दुपटीच्या वर. लग्नसराईच्या तोंडावर तिनं संभाजीनगरच्या व्यापाऱ्याला फोन केला.

"ताई, माल न्हाई."

"कधी येईल?"

"मलाच कुणी सांगंना, तर मी तुम्हाला काय सांगू? मोठमोठ्या कंपन्यांनी कारखान्यातूनच उचलून नेला सगळा, त्यांच्या त्या एआयच्या मशिनींसाठी. उरलेला तिकडंच अडकलाय. सकाळचा भाव आता न्हाई. घ्यायची तर आत्ता हो म्हणा."

ती हो म्हणाली नाही. आधी जागा मोकळी करून पाहू, असं तिनं ठरवलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला बसली. तुमच्या लग्नाचं शूटिंग माझ्याकडं आहे, पेनड्राइव्ह घेऊन या, भरून देते, नाहीतर मला पुसून टाकावं लागेल. अर्धे नंबर बंद लागले. ज्यांचे लागले ते एकच म्हणायचे, "ठेवा की ताई, त्याला काय जागा लागती?" आधी ती समजावून सांगायची की जागा लागते, तीच तर मिळत नाही. पुढं पुढं नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवू लागली. एका बाईनं मात्र आवाज बारीक करून सांगितलं, "उडवा. आत्ताच उडवा." आणि फोन कट केला. सत्यशीलानं ते लग्न पुसून टाकलं. दिवसभरात तेवढं एकच निघालं.

राजानंद म्हणाला, "अगं, लोकांनाच गरज न्हाई तर तू कशाला जीव काढून राह्यली?"

"गरज नसती तेव्हा न्हाईच म्हणतात हो लोक," ती म्हणाली. पण हे बोलायलाही तिला आता दम लागत होता.

शेवटी बाजारातूनच एका माणसानं डिस्क आणून दिली. सीलबंद डबा, भाव जरा कमी. नवीनच आहे, बिलकुल फिकर करू नका, म्हणाला. डिस्क जुनी, कुठंतरी राबून आलेली आणि वरून नवा डबा चढवलेला, हे नंतर कळलं.

त्याच आठवड्यात मच्छिंद्र आला. मच्छिंद्रचा कुंभार पिंपळगावला फोटो स्टुडिओ. माणूस कष्टाचा, पण बोलून वेळ मारून नेणारा. गावातल्या रामकिसन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं, तृप्तीचं लग्न त्यानं शूट केलं होतं. मुलगी दिली होती भोकरदनकडं, धावड्याला.

"ताई, जल्दी कार्डं रिकामी करून द्या. उद्या दुसरं लग्न हाये. नवी कार्डं घ्यायला गेल्तो, भाव ऐकून तसाच माघारी आल्तो."

एरवी सत्यशीला दोन डिस्कांवर दोन प्रती ठेवायची. यंदा दुसरी डिस्कच नव्हती. तिनं एकीवर भरलं, मच्छिंद्रनं कार्डं पुसली आणि तो गेला. हळदीचा भाग तिनं कामाला म्हणून कंप्युटरवर घेतला. तीन-चार दिवस हळदीचंच काम चाललं होतं. तृप्तीची हसताना तोंडावर हात नेण्याची लकब, ओल्या केसांना चिकटलेली हळद, मागून सारखी कामाला पळणारी तिची आई, हे सगळं तिच्या डोळ्यांत बसलं. मग लग्नाचा भाग उघडायला तिनं डिस्क जोडली, तर आतून घड्याळासारखी टिकटिक झाली आणि डिस्क बंद पडली. पुन्हा जोडली. पुन्हा टिकटिक.

पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं, अक्षतानं, ती डिस्क तिथल्या जाणकाराकडं नेऊन दिली. आतली चकतीच खरवडली गेलीय, काही निघणार नाही, असं त्यानं सांगितलं. लग्न लागल्यापासून पाठवणीपर्यंतचं सगळं गेलं.

सत्यशीलानं दोन दिवस घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ती कुंभार पिंपळगावला गेली. निघताना तिनं मच्छिंद्रला फोनवर सगळं सांगितलं होतं, तो स्टँडवर उभाच होता.

"तुम्ही कशाला आल्या ताई? मी सांगितलं असतं बराबर."

"काय सांगितलं असतं?"

"हेच की कंप्युटर बिघडलं, वेळ लागल. तवर लोक विसरत्यात."

"पोरीचं लग्न विसरतात का, मच्छिंद्रभाऊ?"

दोघं रामकिसनच्या घरी गेले. ओळख करून दिली तशी तृप्तीची आई पुष्पाबाई पदर सावरत बाहेर आली. तिला वाटलं, फिल्म आली. तिनं शेजारच्या दोघींना हाकही मारली. टीव्हीवरचं फडकं काढलं. सत्यशीलाला तिथल्या तिथं माघारी फिरावंसं वाटलं.

"बसा काकू," ती म्हणाली. "मी फिल्म आणली न्हाई. सांगायला आलेय." आणि तिनं सांगितलं. डिस्क कशी आणली, एकच प्रत का ठेवली, काय गेलं, काय राहिलं. चूक माझी आहे, मच्छिंद्रभाऊंची नाही, हेही सांगितलं.

रामकिसन मच्छिंद्रवर उखडला. "आरं, दोन-दोन कॅमेरे नाचवीत व्हता मांडवात! लोकांच्या आंगावरून जात व्हता! अन् आता म्हणतो गेलं? जाईल कुठं? हवेत गेलं का?" शेजारणी हळूच निघून गेल्या. मच्छिंद्र मान खाली घालून बसला.

पुष्पाबाई खांबाला टेकली होती. ती म्हणाली, "म्या तर पाह्यलंच न्हाई."

"काय काकू?"

"पोरीचं लग्न. मंगळाष्टका सुरू झाल्या अन् सासूबाई उन्हानं चक्कर येऊन पडल्या. मी आत त्यांच्यापाशी बसले. तोंडाला पाणी लावू लागले. बाहिर टाळ्या वाजल्या तव्हा कळलं, लागलं लगीन. म्हणलं असू दे, शूटिंगमधी पाहू."

रामकिसन शिव्या देत होता ते तिला सोपं गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पाहुण्यांच्या फोनमध्ये असेल काकू. मी गोळा करते."

परतीच्या एसटीत तिला झोप लागली. अंबड कधी गेलं कळलं नाही. जालन्याला कंडक्टरनं उठवलं, "बाई, उतरायचं न्हाई का?"

पुढचे आठ-दहा दिवस ती फोन करत राहिली. पत्रिका वाटावी तसे रामकिसनच्या मुलानं, अंगदनं, पाहुण्यांचे नंबर पाठवले. मांडवात तर शंभर फोन वर झाले होते, आणि उत्तर मात्र सगळीकडून एकच. "व्हतं की, पण फोन फुल झाल्ता, उडवलं." कुणाकडं जेवणाच्या पंगतीचा तुकडा. कुणाकडं वरातीतला नाच, तोही स्वतःचाच. कुणी स्टेटसला टाकलेलं अर्ध्या मिनिटाचं, त्यावर गाणं चढवलेलं, त्यामुळं खरा आवाज गेलेला. नवा फोन घ्यावा तर जास्त जागेचे फोनही महागलेले, म्हणून सगळेच पुसून पुसून वापरत होते. पाठवणीचा एक बरा तुकडा मिळाला. लग्न लागतानाचा एकही नाही.

एक दिवस जिन्यावर पावलं वाजली आणि दारात तृप्ती उभी. धावड्याहून माहेरी निघाली होती, वाटेत जालन्याला उतरली. सत्यशीलानं तिला लगेच ओळखलं. तृप्तीनं मात्र तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिनं पिशवीतून एक जुना, काच तडकलेला फोन काढला.

"आमच्या झुंबरआत्यांचा हाये. माझ्या सासऱ्यांची बहीण. त्यांनी लग्नात शूटिंग केल्तं म्हणत्यात. त्यांना काही उडवता येत न्हाई, म्हणून सगळं तसंच हाये."

सत्यशीलानं फोन जोडला. आत्याबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या फोन धरला होता. चित्रात पुढच्या माणसाचा फेटा. डावीकडं अंतरपाटाचं एक टोक आणि कधीतरी मुंडावळ्या. फेटा हलला की क्षणभर तृप्तीचा खांदा. बाकी फेटाच. पण आवाज मात्र पहिल्या मंगलाष्टकापासून टाळ्यांपर्यंत सलग होता. भटजींचा, चिरकलेल्या माइकचा, रडणाऱ्या लेकराचा.

दोघी ऐकत होत्या. मध्येच जवळून एक बाईमाणूस बोललं, "पोरीची आई कुठं दिसंना?" दुसरी म्हणाली, "आत हाये, म्हातारीपाशी. म्हातारी पडली."

तृप्ती ताठ झाली. "मागं घ्या जरा."

सत्यशीलानं मागं घेतलं. तेच पुन्हा वाजलं.

"आई न्हवती तिथं?" तृप्ती म्हणाली. "मला तर वाटलं, मागं उभी आसल. मला कुणी सांगितलंच न्हाई. मंग पाठवणीला भेटली तर रडून रडून... तव्हाही बोलली न्हाई." ती तोंडावर हात ठेवून बसली, पण या वेळी हसत नव्हती. सत्यशीलानं खालून चहा मागवला. तो आला तसाच गार झाला. मग तृप्ती म्हणाली, "हे काढू नका फिल्ममधून. ते बाया बोलल्या ते."

"बरं," सत्यशीला म्हणाली.

त्या दुपारी तिनं फिल्म जोडली. हळद झकपक, मग फेट्यामागचं लग्न, मग फोनवरचे उभे-आडवे तुकडे आणि पाठवणी. वीस वर्षांत इतकं ओबडधोबड काम तिच्या हातून कधी गेलं नव्हतं. तृप्ती समोरच बसून होती. पेनड्राइव्ह घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं माहेरी गेली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आईनं फिल्म पाहिली, असं ती म्हणाली. एकदा पाहिली, मग टीव्हीकडं पाठ करून भाजी निवडत नुसती ऐकत बसली. सत्यशीलानं विचारलं, "काही म्हणाल्या का?"

"म्हणली, भटजी लई घाई करत व्हता." दोघी जरा हसल्या. "बाबा अजून फुगून हायेत. पण मच्छिंद्रभाऊला घरात येऊ देत्यात."

सत्यशीलानं मिक्सिंग सोडलं नाही. सोडून करणार काय? पण आता दारावर कागद लावलाय की फिल्म नेल्यावर पंधरा दिवसांनी मूळ शूटिंग काढून टाकलं जाईल. फोटोग्राफर कुरकुर करतात, बाई बदलली म्हणतात. कपाटातल्या जुन्या डिस्का ती एकेक रिकामी करून वापरतेय. आधी उडवण्यापूर्वी एकेक लग्न उघडून पाहायची. नवरीचं तोंड तरी पाहावं, असं वाटायचं. पण त्यानं काम पुढं सरकत नव्हतं, आणि मन भरून यायचं ते वेगळंच. आता ती पाहत नाही. डिस्क लावते, सगळं एकदम निवडते, पुसते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. पुसायला जरा वेळ लागतो. खाली कुणीतरी लग्नाच्या रुखवताची भांडी घेत असतं, दुकानदार एकेक पातेलं वाजवून दाखवत असतो.