कात्री धरणारा हात

माझ्या सासूबाई बायकांचे केस कापतात. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं दुकान आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. सत्तरी उलटली तरी दिवसभर उभ्या. हाताबरोबर तोंडही चालू.

एका सकाळी बेसिनपाशी सांडलेल्या पाण्यावरून त्यांचा पाय घसरला आणि त्या उजव्या अंगावर आपटल्या. मी आतून धावत आले, तर डाव्या हाताने उजवा दंड घट्ट धरून त्या खाली बसलेल्या.

"मोडलाय," त्या म्हणाल्या. "आरडाओरडा करू नकोस. आधी त्या खुर्चीतल्या बाईंचं डोकं पुसून दे, गारठतील बिचाऱ्या."

हॉस्पिटलात सर्जननी एक्स-रे दाखवला. दंडाचं हाड मधोमध मोडून तुकडे सरकले होते. "नुसता पट्टा बांधूनही पुष्कळांचं हाड जुळतं," ते म्हणाले, "पण हे तुकडे जागेवर राहतील असं वाटत नाही. ऑपरेशन करू. एक तर हाडावर धातूची पट्टी ठेवून स्क्रूने आवळायची, नाहीतर हाडाच्या पोकळीत वरून सळी सरकवायची."

"दोन्हीत चांगलं कुठलं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"एकच उत्तर असतं तर मी दोन सांगितलीच नसती. हाड दोन्हींनी जुळतं. सळीला चीर लहान पुरते, पण ती खांद्यातून घालावी लागते. काहींना नंतर हात वर नेताना दुखत राहतं. पट्टीला चीर मोठी, आणि हाडाला बिलगून जाणारी एक नस असते, ती दुखावू शकते. शिवाय या वयात हाड विरळ होतं, स्क्रू नीट धरत नाहीत. म्हणून पट्टी जरा लांब घ्यायची."

नवऱ्याला सळी पटली. चीर लहान, संपला विषय! सासूबाई मात्र डॉक्टरांकडेच बघत होत्या.

"तुमचा हात कशावर जास्त बसलाय?"

"पट्टीवर," डॉक्टर म्हणाले.

"आणि माझं सगळं काम हात वर धरून. खांद्याला धक्का नको. पट्टीच लावा."

ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी मनगट लुळं पडलेलं दिसलं. मूठ मिटत होती, बोटं सरळ होत नव्हती. सासूबाईंनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि हात चादरीखाली घेतला. "कात्री मिटेल," त्या हळूच म्हणाल्या, "उघडणार नाही."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "नस अख्खी आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय. ताण बसलाय तिला. बहुतेक वेळा जागी होते, पण कधी, ते सांगता येत नाही."

"तरी मी सांगत होतो, सळी घाला म्हणून," नवरा पुटपुटला.

"सळी घातली असती आणि खांदा धरला असता, तर तू पट्टीचं नाव घेतलं असतंस," सासूबाई म्हणाल्या. "आता आहे त्या हाताचं बोल."

घरी आल्यावर मनगटाला आधार बांधून व्यायाम सुरू झाले. वाकून हात झुलवायचा, मग भिंतीवरून बोटं वर चढवायची. शिकवायला येणाऱ्या बाईंना सासूबाई तोंडावर 'छळवादी' म्हणत, आणि त्या आल्या नाहीत की वाट बघत. दुकानात मात्र पाऊल टाकत नव्हत्या. गिऱ्हाईक आलं की आतूनच सांगायच्या, "दुसरीकडे जा गं." त्यांचा तो आवाज मला ऐकवत नसे.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. "अगं, लवकर ये!" समोर टॉवेलांच्या घड्या, आधार सोडून बाजूला ठेवलेला.

"मनगट उठलं."

"बघू!"

उठलं नाही. आम्ही दोघी बघत राहिलो. मग ते अगदी जरासं उठलं, थरथरलं आणि पडलं. मी रडायला लागले. "आता तू नको गं," असं म्हणता म्हणता त्यांचंच नाक लाल झालं.

त्यानंतर बोटं एकेक करून परत आली. नव्या एक्स-रेत हाडही जुळलेलं दिसलं. हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही. म्हणून त्यांनी खुर्ची पार खाली करून घेतली, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मलाच बसवलं.

कापून झाल्यावर मी आरशात पाहिलं. "आई, ही बाजू आखूड झाली."

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "हो गं," म्हणाल्या, आणि दुसरी बाजू आखूड करायला घेतली.