मातीच्या पाकिटातलं पत्र

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि वाटेत ओढा होता, म्हणून तिथेच थांबलं. हे लिहिते आहे ते कुणाला दाखवायला नाही. अक्काला जे सांगितलं नाही, ते कुठेतरी खरं लिहून ठेवावं, एवढ्यासाठी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कऱ्हाडजवळच्या गावात आम्ही दोघी एकत्र राहतो. दोघींचेही मालक गेले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते, पण ती अडून बसली. "तू अमेरिकेतून ये, मग करू. परक्याच्या हातून डोळ्यात थेंब घालून घेणार नाही मी."

मी इथे अमेरिकेत मुलाकडे आलेली. परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर आलं आणि मुलाने माझा मुक्काम सहा महिने वाढवायचा फॉर्म आणला. विचारलं नाही असं नाही. बूट घालता घालता म्हणाला, "आई, राहशील ना? तू असलीस की हिला ऑफिसचं टेन्शन नसतं." मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही. त्याने ती 'हो' धरली.

जर्सी सिटीत मुलाचं घर तेविसाव्या मजल्यावर आहे. खिडकी चार बोटंच उघडते. लिफ्टला एक बिल्ला दाखवावा लागतो. एकदा तो घरात विसरून मी खाली गेले आणि वर येता येईना. लॉबीतल्या माणसाशी बोलायचं धाडस झालं नाही. सूनबाई येईपर्यंत झाडाच्या कुंडीशेजारी उभी राहिले. तेव्हापासून एकटी उतरले नाही. सकाळी तिघं गेली की दार आपोआप लागतं. मग भांडी, कपडे, कणीक, आणि नात शाळेतून यायची वाट.

नात सहावीत आहे. तिला शाळेत सुमेर आणि अक्कड इथल्या जुन्या लोकांचा धडा होता. दोन नद्यांमधला मुलूख, दगड नाही, लाकूड नाही, नुसती माती. म्हणून घरं मातीची आणि लिहायचंही मातीवर. बोरूने टोचून टोचून अक्षरं काढायची. लिहिणं आधी सुमेरच्या लोकांनी काढलं, मग अक्कडच्या लोकांनी तीच अक्षरं घेऊन आपली निराळी बोली लिहिली, असं ती सांगत होती. मी म्हटलं, "म्हणजे तू मला इंग्रजी अक्षरांत मराठी पाठवतेस तसं?"

"एक्झॅक्टली आजी! यू आर सो स्मार्ट."

मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं.

तिला मातीचं पत्र करायचं होतं, आणि त्याला मातीचंच पाकीट. ते लोक म्हणे पत्र वाळवून त्याच्यावर मातीचा पातळ थर चढवत. ज्याचं पत्र, त्याने पाकीट फोडायचं तेव्हा आतलं दिसायचं. तिने दुकानातून राखाडी माती आणली होती. त्या मातीला वासच नव्हता. तिने पाटीएवढा तुकडा थापून त्यावर बरंच काही लिहिलं आणि आंघोळीला गेली. मला कडा उकललेल्या दिसल्या. चूल घालताना करतो तसा मी पाण्याचा हात घेतला आणि वरून छान सारवून काढलं. गुळगुळीत झालं. ती बाहेर आली आणि किंचाळली, "आजी! माझं रायटिंग कुठे गेलं?"

मी तिचं सगळं लिखाण पुसून टाकलं होतं.

ती रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता तूच सांग काय लिहू. बायकाही लेटर पाठवायच्या. त्यांचे हजबंड लांब बिझनेसला गेलेले असायचे. स्टार्ट असा असतो: अमक्याला सांग, अमकी असं म्हणते."

माती मळता मळता माझं तोंड उघडलं. समोर कुणी मोठं माणूस नव्हतं. मी म्हटलं, "लिही. माझ्या मुलाला सांग, त्याची आई असं म्हणते. माझ्या बहिणीला दिसत नाही. ती माझ्यासाठी थांबली आहे. मला घरी जाऊ दे."

नात बोरू धरून माझ्याकडे बघत राहिली. "आजी, हे रिअल आहे?"

"लिही गं. पत्रात काहीही असतं."

पत्र दोन दिवस वाळवलं. पाकीट चिकटू नये म्हणून पोळीला पिठी लावतो तशी कोरड्या मातीची भुकटी मी मध्ये लावली. तिच्या टीचरना ते फार आवडलं म्हणे.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. शुक्रवारी जेवताना बापाला म्हणाली, "बाबा, आजी डझन्ट वॉन्ट टू स्टे. तिला घरी जायचंय. तिने लेटरमध्ये लिहायला सांगितलं."

मुलाचा घास हातात राहिला. "आई, खरंच? तसं असेल तर सांग ना. फॉर्म अजून पाठवला नाहीये. कॅन्सल करू."

त्याने इतक्या नीट विचारलं होतं. सूनबाईही थांबली. तिचा चेहरा थकलेला होता, वाईट नव्हता. तिघं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "छे रे, तसं काही नाही. शाळेचं होतं ते."

"बट यू सेड!" नात उठून आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

ताटं उचलल्यावर मुलाने फॉर्म पुढे ठेवला. शाळेत शिकवली तशी, प्रत्येक अक्षरावर रेघ ओढून मी सही केली.

अक्काला फोनवर सांगितलं, "पोरगा सोडत नाही गं."

"सोडत नाही म्हणजे? म्हातारीला बांधून ठेवतोय का मुडदा? दे त्याच्याकडे फोन!"

"तो झोपलाय," मी म्हटलं. तो समोर बसून लॅपटॉपवर काम करत होता.

अक्काने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मी ऐकून घेतल्या, एकही अडवली नाही. मग म्हणाली, "जाऊ दे. शेजारणीच्या सुनेला नेते. थेंब नाकात घालील, पण घालील."

एक डोळा झाला तिचा. चांगलं दिसतंय. आता रोज म्हणते, "व्हिडिओ लाव, तुझं तोंड बघू दे."

मी सांगते, इथे नेट चालत नाही.